बळाचे इंग्रजी शब्द: मुळाला हात घालून कसे शिकावेत

आमच्या संध्याकाळच्या वर्गात मुलाखतीचा सराव चालला होता. समोर बसलेला तरुण दिवसा मार्केट यार्डात पोती वाहतो आणि संध्याकाळी इंग्रजी शिकायला येतो. मी विचारलं, "व्हॉट आर युअर स्ट्रेंग्थ्स?" तो क्षणभर थांबला आणि ठामपणे म्हणाला, "सर, आय कॅन लिफ्ट फिफ्टी केजी."

उत्तर खरं होतं, व्याकरणही बरोबर होतं. फक्त प्रश्न वेगळा होता. मुलाखतीतलं ‘स्ट्रेंग्थ्स’ म्हणजे जमेच्या बाजू. एवढा एक मराठी शब्द सांगितला आणि त्याचा चेहरा उजळला. "मग सर, मी हिशेबात पक्का आहे. दिवसाची सगळी पोती तोंडी मोजतो, संध्याकाळी वहीशी ताळा बसतो." हेच उत्तर आम्ही मग इंग्रजीत बसवलं.

त्या दिवसानंतर मी शब्दांच्या याद्या पाठ करून घेणं सोडून दिलं. शब्दकोश उघडला तर स्ट्रेंग्थ, पॉवर, फोर्स, माइट, व्हिगर या सगळ्यांपुढे तेच तीन शब्द दिसतात: ताकद, शक्ती, बळ. पण इंग्रज माणूस हे शब्द एकमेकांच्या जागी वापरत नाही, कारण प्रत्येकाच्या पोटात बळाचं वेगळं चित्र आहे. कुठे ताणलेली दोरी, कुठे झाडाचा गाभा, कुठे मागावरचा धागा. ते चित्र एकदा दिसलं की शब्द कुठे चालेल आणि कुठे खटकेल, हे आपसूक कळायला लागतं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी ही वाट कशी चालावी, ते इथे क्रमाने सांगतो.

पायरी १: सुरुवात मराठी वहीपासून

वहीचं एक पान घ्या आणि त्यावर फक्त मराठी शब्द लिहा: बळ, शक्ती, ओज, ताकद, जोर, कुवत, दम, धमक, जोम, रग. मग विशेषणं: भक्कम, मजबूत, दणकट, चिवट, काटक, कणखर, राकट, तगडा. घाई करू नका. प्रत्येक शब्दापुढे तुमच्या घरात बोललं जाणारं एक वाक्य लिहा.

लिहिताना एक गोष्ट लक्षात येईल. परीक्षेला निघालेल्या मुलीला आपण "देव तुला बळ देवो" म्हणतो. गाडी चिखलात रुतली की मात्र "जोर लावा", "ताकद लावा" असं ओरडतो. चिवट आणि दणकट हेही एक नव्हेत. दणकट वस्तू वाकत नाही, चिवट वस्तू वाकते पण तुटत नाही. हा फरक तुम्हाला कुणी शिकवलेला नाही, तो कानाने आलाय. इंग्रजी शब्दांतही असाच फरक असतो, फक्त तो आपल्याला कानाने आलेला नसतो म्हणून मुळातून शोधावा लागतो.

आता या मराठी शब्दांचे थर पाडा. बळ, शक्ती, ओज हे संस्कृताकडून आले. ताकद, कुवत, मजबूत हे मुळात अरबी, फारसीच्या हाताने आपल्याकडे पोचले. जोर फारसी आणि श्वास या अर्थाचा दमही फारसी. म्हणजे राज्यकर्ते आणि कारभाराची भाषा बदलली तसे बळाचे शब्दही थरावर थर चढत गेले. इंग्रजीचं अगदी असंच झालंय.

पायरी २: इंग्रजीचे तीन थर ओळखा

सगळ्यात खालचा थर जुन्या इंग्रजीचा. स्ट्राँग, स्ट्रेंग्थ, माइट, टफ, हार्ड, फास्ट हे त्यातले. बहुतेक लहान, ठसठशीत, रोजच्या तोंडातले.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीन शतकं दरबार, न्यायालय आणि सैन्य यांत फ्रेंचचा अंमल राहिला. पॉवर, फोर्स, फोर्ट, स्टाउट, स्टर्डी हे शब्द त्या वाटेने आले. म्हणूनच पॉवर आणि फोर्स यांना आजही सत्तेचा, हुकमाचा वास आहे. पोलिस दलाला फोर्स म्हणतात, सत्तेवरच्या पक्षाला ‘इन पॉवर’ म्हणतात. तिथे स्ट्रेंग्थ चालत नाही.

तिसरा थर विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीक ग्रंथांतून उचललेला: रोबस्ट, स्टॅमिना, एनर्जी, डायनॅमिक. हे शब्द जरा पुस्तकी वाटतात, कारण ते पुस्तकांतूनच आलेत.

वहीच्या दुसऱ्या पानावर तीन रकाने आखा आणि भेटेल तो शब्द त्या-त्या रकान्यात टाका. सुरुवातीला चुका होतील, होऊ द्या. पाचव्या पायरीपर्यंत तुम्हीच खोडून दुरुस्त कराल.

पायरी ३: शब्दाच्या पोटातलं चित्र शोधा

ही पायरी सावकाश करा. माझ्या अनुभवात खरी गोडी इथेच लागते.

वर्गात मी सगळ्यांना उजवा हात कोपरात वाकवून मूठ आवळायला सांगतो. दंडावर गोळा वर येतो. त्याला काय म्हणतात, असं विचारलं की मागच्या बाकावरून हमखास उत्तर येतं: बेटकुळी! बेटकुळी किंवा बेडकुळी म्हणजे छोटा बेडूक. आपल्या पूर्वजांना कातडीखाली उडी मारणारा बेडूक दिसला. रोमन माणसाने तोच दंड पाहिला आणि त्याला उंदीर दिसला. लॅटिनमध्ये ‘मुस’ म्हणजे उंदीर आणि ‘मुस्कुलुस’ म्हणजे छोटा उंदीर. त्याचाच झाला मसल. ग्रीकांनाही उंदीरच दिसला होता, त्यांच्या भाषेत उंदीर आणि स्नायू या दोन्हींना एकच शब्द, ‘म्यूस’. डॉक्टरांच्या ‘मायो’ने सुरू होणाऱ्या शब्दांत तो आजही बसलाय. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रिपोर्टवर ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ असं लिहिलेलं असतं, त्यातला ‘मायो’ म्हणजे स्नायू आणि मुळात उंदीर. आपला मूषकही याच घरातला: संस्कृत मूष, लॅटिन मुस, ग्रीक म्यूस, इंग्रजी माउस.

याचा व्यवहारात फायदा असा की मसलच्या स्पेलिंगमधला न बोलला जाणारा सी आता विसरणार नाही. तो मुस्कुलुसमधल्या ‘क’चा आहे. मस्क्युलर म्हणताना तो पुन्हा ऐकू येतो. आणि हात वाकवलेला आहेच तर आणखी एक घ्या: बायसेप्स म्हणजे ‘दोन डोक्यांचा’, कारण हा स्नायू खांद्याकडे दोन टोकांनी सुरू होतो. शेवटी एस असला तरी तो एकवचनी शब्द आहे.

आता स्ट्राँग. जुन्या इंग्रजीत तो ‘स्ट्रांग’ होता आणि स्ट्रिंग म्हणजे दोरी हे त्याचंच भावंड मानतात. मुळाशी घट्ट, ताठ, आवळलेलं असा अर्थ. धनुष्याची ओढलेली प्रत्यंचा डोळ्यांपुढे आणा. ताण सहन करणारं ते स्ट्राँग. म्हणून दोरखंड स्ट्राँग, पूल स्ट्राँग, नातं स्ट्राँग. स्ट्राँगपासून स्ट्रेंग्थ होताना मधला स्वर का बदलतो, असं अनेक जण विचारतात. लाँगचं लेंग्थ आणि ब्रॉडचं ब्रेड्थ होतं, तसंच. फार जुन्या काळी या प्रत्ययात ‘इ’ होता, त्याने आधीचा स्वर आपल्याकडे ओढून घेतला. तिन्ही जोड्या एकत्र म्हणून पाहा, नियम तोंडात बसेल.

रोबस्टमध्ये झाड आहे. लॅटिन ‘रोबुर’ म्हणजे ओक वृक्ष, त्याचं टणक लाकूड, आणि त्यावरून बळ. ओकच्या एका युरोपीय जातीचं शास्त्रीय नावच क्वेर्कस रोबुर असं आहे. आपल्याकडे सागाच्या गाभ्याचं जे मोल, ते तिकडे ओकच्या गाभ्याचं. म्हणून रोबस्ट म्हणजे नुसता दांडगा नव्हे, तर आतून कसदार. म्हाताऱ्या आजोबांची तब्येत रोबस्ट असू शकते, एखादी यंत्रणाही रोबस्ट असते, म्हणजे गर्दी आली तरी ती कोलमडत नाही. कोर्टाच्या बातम्यांत येणारा ‘कॉरोबोरेट’ हा शब्दही यातलाच. एका साक्षीला दुसऱ्या साक्षीने पुष्टी देणं, म्हणजे तिला ओकचा टेकू लावणं.

आणि स्टॅमिना. मला या यादीतला हा सगळ्यात सुंदर शब्द वाटतो. लॅटिन ‘स्तामेन’ म्हणजे मागावरचा उभा धागा, आपण ज्याला ताणा म्हणतो तो. त्याचं अनेकवचन स्तामिना. प्राचीन काळी माग उभा असे, म्हणून हे धागे उभे राहत. संस्कृत ‘स्था’ धातूशी या शब्दाचं नातं आहे. विणकराला विचारा, बाणा तुटला तर जोडता येतो, पण ताणाच कच्चा असेल तर कापड होत नाही. ग्रीक आणि रोमन पुराणात तीन दैवदेवता माणसाच्या आयुष्याचा धागा कातत, मापत आणि कापत. तो धागा जितका पक्का तितकं आयुष्य चिवट. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्यात ही सारी कल्पना होती. आपण ‘त्याच्यात दम आहे’ म्हणतो तेव्हा श्वासाचं चित्र असतं, इंग्रजीत धाग्याचं. दोन्हींत मोजलं जातं ते टिकणं. म्हणून एका झटक्यात ओझं उचलणाऱ्याला स्टॅमिना लागत नाही, मॅरेथॉन धावणाऱ्याला लागतो. मुळात अनेकवचन असला तरी आज तो एकवचनीच वापरायचा.

पायरी ४: आपल्या भाषेतले नातलग शोधा

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात विल्यम जोन्सने एशियाटिक सोसायटीपुढे भाषण केलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य इतकं दाट आहे की त्या एकाच मुळातून फुटल्या असाव्यात, असं त्याने मांडलं. त्यातून तौलनिक भाषाशास्त्र वाढलं. आपल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मध्ये मुंबईत संस्कृत आणि तिच्यातून निघालेल्या भाषांवर दिलेली व्याख्यानं याच परंपरेतली. या अभ्यासाचा मराठी माणसाला सरळ लाभ आहे: अनेक इंग्रजी शब्दांचे नातेवाईक आपल्या घरात आधीपासून आहेत.

पहिली जोडी शक्ती आणि शक्य. ‘मी करू शकतो’ यातलं ‘शकणं’ आणि ‘शक्ती’ दोन्ही एकाच ‘शक्’ धातूचे. म्हणजे आपल्या भाषेत बळ म्हणजे करता येणं. आता इंग्रजीकडे पाहा. माइट म्हणजे बळ, आणि ‘आय मे’, ‘आय माइट’ यांतलं क्रियापद एकाच धातूचं. जुन्या इंग्रजीत ‘मे’चा अर्थच ‘माझ्या अंगात तेवढं बळ आहे’ असा होता. डिस्मे, म्हणजे हबकणं, हाही त्यातलाच: ज्याचं बळ गेलं तो. पॉवरचंही तसंच. लॅटिन ‘पोस्से’ म्हणजे करता येणं, त्याच्यातून फ्रेंचमार्गे पॉवर आला आणि पॉसिबल, पोटेन्शियल हेही तिथलेच. शक्ती–शक्य आणि पॉवर–पॉसिबल या जोड्या शेजारी लिहा. यांच्या मुळात नातं नाही, पण दोन्हीकडे विचार तोच. हे कळल्यावर पॉवर कुठे वापरायचा हा गोंधळ बराच मिटतो. काही घडवून आणायची क्षमता असेल तिथे पॉवर. इंजिनात, मंत्र्याच्या सहीत, विजेत.

पोस्सेच्या आत ‘पोतिस’ आहे, म्हणजे समर्थ, धनी. याचा सख्खा भाऊ म्हणजे आपला पती. सेनापती, भूपती यांतला पती म्हणजे नवरा नव्हे, मालक. आणि त्याहून नवल म्हणजे वेदांच्या भाषेत ‘दम’ म्हणजे घर, त्याचा धनी तो दंपती. (पहिल्या पायरीतला श्वासाचा दम वेगळा.) ग्रीकमध्ये याच दोन मुळांतून ‘देस्पोतेस’ झाला, घरातल्या चाकर-गुलामांचा मालक, आणि पुढे इंग्रजीत डेस्पॉट, म्हणजे जुलमी हुकूमशहा. आपल्याकडे त्याच शब्दातून दांपत्य आलं.

व्हर्च्यू म्हणजे सद्गुण. पण लॅटिन ‘विर्तुस’ म्हणजे पुरुषार्थ, शौर्य, कारण ‘विर’ म्हणजे पुरुष. हाच आपला वीर. वर्ल्ड या शब्दाचा पूर्वार्धही तोच: जुन्या इंग्रजीत ‘वेर’ म्हणजे माणूस, आणि वर्ल्ड म्हणजे माणसाचं युग.

ओज घ्या. संस्कृत ओजस् म्हणजे बळ, तेज. त्याच मुळातून लॅटिनमध्ये वाढणं-वाढवणं या अर्थाचं क्रियापद, त्यावरून ऑक्शन, कारण लिलावात बोली वाढते. त्यावरून ऑगस्टस ही रोमच्या पहिल्या सम्राटाची पदवी आणि तिच्यावरून भिंतीवरच्या कॅलेंडरातला ऑगस्ट.

फर्म म्हणजे पक्का. अनेक अभ्यासक त्याला ‘धृ’ धातूशी जोडतात, ज्यातून धरणं, धारण आणि धर्म आले. लॅटिनमध्ये ‘फिर्मा’ म्हणजे ठरलेला, पक्का खंड. तो भरून कसायला घेतलेली जमीन म्हणजे फार्म. सही करून व्यवहार पक्का केला जातो, म्हणून इटालियन ‘फिर्मा’ म्हणजे सही, आणि तिच्यावरून व्यापारी फर्म.

इथेच एक सावधगिरी सांगायला हवी. सारखा ऐकू आला म्हणून शब्द नातेवाईक ठरत नाही. माइट आणि महा एक वाटतात, पण नाहीत. महत्–महा यांचे नातलग ग्रीक मेगा, लॅटिन मॅग्नस आणि इंग्रजीत चक्क मच! व्हॅलिडमधला ‘वल’ आणि आपला बल हेही जोडायचा मोह होतो, पण लॅटिनचा ‘व’ संस्कृतात ‘ब’ होत नाही. बलचा संबंध बरेच जण डेबिलिटी, म्हणजे दुर्बलता, या शब्दातल्या ‘बिल’शी लावतात, तर काहींच्या मते बल हा द्राविडी भाषांतून संस्कृतात आला. असा वाद असेल तर वहीत पेन्सिलीने लिहा.

खरं नातं ओळखायची खूण म्हणजे ध्वनींचा नियम. संस्कृत आणि लॅटिनमधला ‘प’ मूळच्या इंग्रजी शब्दांत ‘फ’ होतो: पिता–फादर, पद–फुट. ‘द’चा ‘ट’ होतो: दश–टेन, द्वि–टू. ‘त’चा ‘थ’: त्रि–थ्री. फरक एकसारखा आणि पुन्हा पुन्हा पडतो, तेव्हाच नातं पक्कं. नुसत्या साम्यावर उभ्या असलेल्या व्युत्पत्त्या व्हॉट्सअॅपवर रोज फिरतात. आपल्या भाषेच्या प्रेमापोटीच लोक त्या पुढे पाठवतात, हे मला समजतं, पण खरी नाती इतकी श्रीमंत असताना खोट्यांची गरज नाही.

पायरी ५: अर्थ कुठे सरकला ते पाहा

मूळ कळलं म्हणजे आजचा अर्थ कळला असं नाही. शब्द शतकानुशतकं चालत आलेले असतात.

स्टर्डी हा आज टेबल, बूट, पाय यांना लावायचा चांगला शब्द: दणकट. पण फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ भांबावलेला, बेभान असा होता. बेभान म्हणून आवरायला कठीण, म्हणून आडदांड, आणि चौदाव्या शतकात धडधाकट बांध्याचा.

स्टाउटचा मूळ अर्थ गर्विष्ठ, शूर. मग बळकट. एकोणिसाव्या शतकापासून माणसाबद्दल वापरला तर लठ्ठ. हे नीट लक्षात ठेवा: जुन्या पुस्तकात ‘स्टाउट मॅन’ म्हणजे बहाद्दर, पण आज कुणाची स्तुती म्हणून हा शब्द वापरलात तर समोरचा दुखावेल. ‘स्टाउट डिफेन्स’ मात्र अजून चालतो.

फास्टचा जुना अर्थ घट्ट. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला, तिथे वेगाचा संबंधच नाही. फासन म्हणजे घट्ट बांधणं. उपवासाचा फास्टही तोच: आपण नेम धरतो, व्रत पाळतो, तसं स्वतःला नियमाला घट्ट बांधणं. हा नेम मोडतो तो ब्रेकफास्ट. वेगाचा अर्थ नंतर आला.

कम्फर्टमध्ये लॅटिन ‘फोर्तिस’ आहे, म्हणजे बळकट. मूळ अर्थ बळ देणं. दुःखात असलेल्याच्या पाठीवर हात ठेवून आपण ‘धीर देतो’, तो खरा कम्फर्ट. मऊ गादी नंतरची. फोर्स, एफर्ट आणि फोर्ट हेही फोर्तिसचेच. मुंबईकर रोज ‘फोर्टला चाललो’ म्हणतात. त्या किल्ल्याची तटबंदी १८६०च्या दशकात पाडली गेली, चर्चगेट हे त्याच्या एका दरवाजाचं नाव. तट गेला, वेस गेली, शब्द राहिला.

आणि फीबल, म्हणजे अगदी अशक्त. मुळात ‘ज्याच्याकडे पाहून रडू यावं असा’. लॅटिनमध्ये रडण्याचं जे क्रियापद, त्यातून आलेला. म्हणून आजारी माणसासमोर त्याला फीबल म्हणू नये. वीक पुरेसा आहे.

पायरी ६: शब्दांच्या जोड्या तोंडात बसवा

इथे व्युत्पत्ती थांबते आणि सवय सुरू होते. कडक चहाला इंग्रजीत स्ट्राँग टी म्हणतात, पॉवरफुल टी कधीच नाही. कडक शिस्तीला मात्र स्ट्रिक्ट. जोराचा पाऊस म्हणजे हेवी रेन, पण जोराचा वारा म्हणजे स्ट्राँग विंड. उग्र वासही स्ट्राँग. भक्कम पुरावा स्ट्राँग एव्हिडन्स. दमदार इंजिन पॉवरफुल. चावता न येणारं चिवट मटण टफ, आणि संकटात न मोडणारा चिवट माणूसही टफच. उन्हातान्हात राबणारा काटक शेतकरी हार्डी, त्याची अंगकाठी वायरी. जालीम औषध पोटंट किंवा स्ट्राँग.

विज्ञान शिकलेल्यांसाठी एक सोय आहे. शाळेच्या पुस्तकात फोर्सला बल, पॉवरला शक्ती आणि एनर्जीला ऊर्जा हे शब्द पक्के ठरलेत आणि त्यांची एककंही वेगळी आहेत: न्यूटन, वॅट, ज्यूल. बोलण्यात सैलपणा चालतो, प्रयोगवहीत चालत नाही. एनर्जीच्या मुळाशी ग्रीक ‘एर्गोन’ म्हणजे काम आहे आणि इंग्रजी वर्क हा त्याचाच नातलग. काम करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा, ही शाळेतली व्याख्या शब्दाच्या पोटातच लिहिलेली आहे.

सराव असा करा: रोज एकच मराठी वाक्य, घरात खरोखर बोललेलं, इंग्रजीत आणा. ‘टेबल दणकट आहे.’ ‘तिच्या बोलण्यात जोर आहे.’ ‘आता माझ्यात त्राण नाही.’ शेवटचं सोपं नाही. त्याला ‘आय हॅव नो स्ट्रेंग्थ लेफ्ट’ हे जवळचं.

पायरी ७: एक शब्द शेवटपर्यंत सोडवा

कोश लागतील. डग्लस हार्पर यांचा ऑनलाइन व्युत्पत्तिकोश मोफत आहे आणि नवशिक्याला पुरतो. मोठं काम ऑक्सफर्डच्या कोशाचं: त्याची कल्पना १८५७ साली पुढे आली आणि तो पुरा व्हायला १९२८ उजाडलं. मराठीसाठी मोल्सवर्थचा कोश, त्याची दुसरी आवृत्तीही योगायोगाने १८५७चीच, आणि कृ. पां. कुलकर्णींचा १९४६चा व्युत्पत्तिकोश. नोंद वाचताना शब्दाच्या आधी तारा (*) दिसला तर समजा की ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेने बांधलेलं आहे.

व्हॅलिड घेऊ. रकाना तिसरा: लॅटिन. मूळ ‘वालेरे’, म्हणजे बळकट असणं, धडधाकट असणं. चित्र: नीट उभा राहू शकणारा माणूस. मग शाखा लिहा. व्हॅलिड तिकीट म्हणजे अजून जोर असलेलं तिकीट. इनव्हॅलिड म्हणजे रद्द, आणि तेच स्पेलिंग पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं तर अंथरुणाला खिळलेला रुग्ण. कॉन्व्हॅलेसन्स म्हणजे आजारातून उठून पुन्हा अंगात बळ येण्याचा काळ. व्हॅल्यू म्हणजे वस्तूचं बळ, तिची किंमत. इक्विव्हॅलंट म्हणजे समान बळाचे. रसायनशास्त्रातली व्हॅलन्सी, आपली संयुजा, म्हणजे अणूची जोडणी करण्याची ताकद. अॅम्बिव्हॅलंट म्हणजे ज्याच्या मनात दोन्ही ओढी सारख्याच जोराच्या आहेत असा. आणि रोमन लोक पत्राच्या शेवटी लिहीत ‘वाले’. आपण ‘काळजी घ्या’ म्हणतो त्या जागी ते म्हणत, बळकट राहा.

एका मुळाला नऊ शब्द मिळाले. वहीचं एक पान भरलं.

आता एक शब्द तुमच्यासाठी. गावात, शहरात कुठेही घर बांधायला निघालं की लोक विचारतात, "आरसीसी आहे ना?" त्यातला पहिला आर म्हणजे रिइन्फोर्स्ड. उद्या बांधकामावर उभ्या केलेल्या सळ्या दिसल्या की तो शब्द वहीत लिहा, त्याचे तुकडे करा आणि त्यातल्या मुख्य तुकड्याचं मूळ पाचव्या पायरीत शोधा.